सादळलेली पावडर

सुकदेव इंगळेनं मुंबईच्या नोकरीसाठी आयुष्यात एकदाच मुलाखत दिली, १९७१ साली. अणुऊर्जेचं काम करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत. टेबलापलीकडे पाच माणसं होती. अकराव्या मिनिटाला त्यांनी त्याला बाहेर पाठवलं आणि पंधरा दिवसांनी पहूरच्या घरी छापील कार्ड आलं. त्यात हातानं लिहिलेलं असं फक्त त्याचं नाव होतं, तेही 'सु'चा 'शु' करून. वडील झिपरू इंगळे कार्ड उलटसुलट करत म्हणाले, "बोलावलं का?" सुकदेव म्हणाला, "जागा कमी होत्या." पुढे हेच त्यानं सगळ्यांना सांगितलं, लग्न झाल्यावर बायकोलाही. खोटं नव्हतंच ते. त्या कमी जागांवर कोणी ना कोणी बसलं होतं, एवढं मात्र तो सांगत नसे.

मग तो जळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागला आणि तिथलाच झाला. १९७९ साली पीएच.डी. मिळाली. इंगळ्यांच्या घरातला पहिला डॉक्टर, पण तापावर गोळी देत नाही, अशी गावात थट्टा चालायची. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्यात पहूरचा वास येऊ नये म्हणून घासूनपुसून घेतलेली जीभ. वर्गात गावाकडचा एखादा शब्द निसटला तर पोरं तो शब्द बाकावर कोरून ठेवत. म्हणून त्यानं ते शब्दच मोडीत काढले होते.

चाळिशी आली तेव्हा, १९८४ साली, त्याच मुंबईच्या प्रयोगशाळेनं त्याला एक प्रकल्प दिला. नोकरी नव्हे, प्रकल्प. काम साधं दिसणारं होतं. अणुभट्टीतलं इंधन म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या असतात. कपबशीच्या जातीच्याच, पण फार दाट आणि कडक. बारीक पावडर पोलादी साच्यात घालून प्रेसनं दाबायची, मग ती गोळी चौदाशे अंशांवर भाजायची. गोळीला तडा असेल तर ती अणुभट्टीत जात नाही, फेकून द्यायची. आपल्याकडे युरेनियम थोडं आणि थोरियम भरपूर, म्हणून मुंबईत थोरियमच्या गोळ्यांवर काम चाललं होतं. थोरियम कॉलेजच्या हाती कोण देणार. त्याऐवजी बरंचसं तसंच वागणारं सिरियम ऑक्साइड यायचं. बेसनासारखी फिकट पिवळी पावडर, पत्र्याच्या डब्यातून, सोबत कृतीचा टाइप केलेला कागद. बदली कामगार असतो तशी ही बदली पावडर. तिच्यावर दाबण्या-भाजण्याचे प्रयोग करायचे, गोळ्यांची घनता मोजायची, आणि गोळ्या व आकडे मुंबईला पाठवायचे. सुकदेवनं कृतीचा कागद भिंतीवर चिकटवला आणि त्यातला शब्द न् शब्द पाळायला सुरुवात केली.

पहिल्याच उन्हाळ्यात गोळ्यांच्या टोप्या निघू लागल्या. गोळी साच्यातून वर येताना तिची वरची चकती अलगद सुटायची, बाटलीचं बूच निघावं तशी. त्याला सगळे टोपी म्हणत. एप्रिलमध्ये दहातल्या सात गोळ्या टोपीवाल्या. त्यानं साचा बदलला, दाब कमी केला, जास्त केला. जुलै लागला आणि टोप्या आपोआप थांबल्या. सुकदेवनं अहवालात लिहिलं की नवीन साच्याचा उपयोग झाला.

त्याच जुलैत, १९८५ साली, प्रयोगशाळेला शिपाई म्हणून आधार भामरे मिळाला. धुळ्याजवळच्या कापडण्याचा. दहावीला गणितात राहिलेला, सव्वीस वर्षांचा, रुंद पंजाचा, कमी बोलणारा. जळगावात मामाकडे राहायचा. सुरुवातीला त्याच्याकडे काचेची भांडी धुणं आणि टपाल आणणं एवढंच होतं. सुकदेवचे सकाळी तास असत, म्हणून त्यानं आधारला प्रेस चालवायला शिकवलं. ठरलं असं की सकाळी सात ते दहा आधारनं दाबायच्या, दुपारी तीननंतर सरांनी.

दुसरा उन्हाळा आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघांच्याही गोळ्यांना टोप्या. दुसऱ्या आठवड्यापासून फक्त सरांच्या.

सुकदेवनं आधी ते योगायोगावर सोडलं. मग वहीत दोन रकाने आखले, सकाळ आणि दुपार. पंधरा दिवसांनी सकाळच्या रकान्यात साठ गोळ्या आणि एक टोपी होती; दुपारच्या रकान्यात चाळीस गोळ्या आणि एकतीस टोप्या. वही मिटून त्यानं कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. याआधी त्या कपाटाला कधी कुलूप नव्हतं.

विचारायला काय हरकत होती? हाक मारली असती तर आधार आलाच असता. पण एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्या माणसानं दहावी नापास शिपायाला विचारायचं काय, की बाबा, तुझी गोळी का फुटत नाही? त्यापेक्षा सुकदेव चोरून बघायला लागला. तासाला जाताना दारातून नजर टाकायची. आधार दांडा डाव्या हातानं ओढतो, हे त्यानं टिपलं. चार दिवस त्यानंही डाव्या हातानं ओढला. खांदा दुखला, टोप्या निघतच राहिल्या. आधार दाबताना श्वास रोखतो असं वाटलं; त्यानंही रोखून पाहिला.

स्टाफरूममध्ये ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. रसायनशास्त्राचे मोतीलाल जैन चहाचा कप पुढे करत म्हणाले, "इंगळे, तुमच्या आधारच्या हाताला यश आहे बुवा. नाहीतर तुम्ही बघा, रोज टोप्या घालताय."

"यश नाही, सराव आहे," सुकदेव म्हणाला.

"मग तुम्हीही करा की सराव. तुमचा सराव फळ्यावर, त्याचा प्रेसवर."

सगळे हसले. सुकदेवही हसला. घरी येऊन त्यानं जेवण अर्धं टाकलं. बायकोनं, पुष्पाबाईनं, कारण विचारलं तर म्हणाला, पोटात दुखतंय. मग बोलता बोलता जैनांचं बोलणं, आधारचा हात, सकाळ-दुपारचे आकडे, सगळं बाहेर आलं. पुष्पाबाई ताट उचलत म्हणाली, "हे पोटातलं दुखणं होय. ओवा देणार होते, पण याला ओवा नाही लागू पडायचा."

पुढचं वर्षभर सुकदेव आधारशी कामापुरतंच बोलला. मुंबईला गोळ्या जात राहिल्या, कौतुकाची पत्रं येत राहिली, आणि प्रत्येक पत्र वाचताना तो मनातल्या मनात हिशेब करी की यातलं सकाळचं कौतुक किती आणि दुपारचं किती.

१९८७च्या एप्रिलमध्ये मुंबईचे विभागप्रमुख प्रकल्प बघायला येणार असं कळलं. डॉ. बन्सीलाल देवरे. हे नाव सुकदेव सोळा वर्षं ओळखत होता. १९७१ साली मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी जो पोरगा वर्तमानपत्रानं वारा घेत बसला होता, तो हा. कमी जागांपैकी एका जागेवर बसलेला. देवरेंना ते काही आठवत नव्हतं. सुकदेवनं आठवण करून दिली नाही.

त्यानं आठ दिवस इंग्रजीत बोलायची तयारी केली. देवरे आले, खुर्चीवर बसले, आकडे पाहिले, इंग्रजीत चार प्रश्न विचारले. सुकदेवनं नीट उत्तरं दिली. मग त्यांनी डब्यातल्या गोळ्या हातावर घेऊन एकेक उजेडात फिरवली आणि म्हणाले, "एप्रिलमध्ये एवढ्या स्वच्छ गोळ्या? एक दाबून दाखवा बरं."

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर चव्वेचाळीस अंश. सुकदेवनं कागदावर लिहिलंय तसं ओव्हनमधून दोन तास वाळवलेली पावडर काढली, साच्यात भरली, दाबली. गोळी वर आली आणि चकती सुटून टेबलावर घरंगळली.

सोबत आलेल्या प्राचार्यांनी रुमालानं मान पुसली.

"रोज कोण दाबतं?" देवरेंनी विचारलं.

दाराशी उभ्या असलेल्या आधारला पुढे यावं लागलं. त्यानं ओव्हनकडे पाहिलंच नाही. दारामागे स्टाफच्या पाण्याचा माठ होता. त्याच्या तिवईखाली वाकून त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक उघड्या तोंडाची बाटली काढली, तिच्यातली पावडर साच्यात भरली आणि दाबली. गोळी अख्खी निघाली. दुसरी दाबली. तीही.

देवरे उठून माठापाशी गेले. "ही पावडर इथे कशाला?"

आधार गोंधळला. साहेबापुढे शुद्ध बोलायच्या नादात त्याला काही सुचेना, आणि मग जे तोंडात होतं तेच बाहेर पडलं. "सादळाले ठेयेल शे, साहेब."

देवरेंचा चेहराच बदलला. "कोन गावना तू?"

"कापडणाना."

"तरीच. मी शिंदखेडाना." त्यांनी तिथेच, माठाशेजारच्या स्टुलावर बैठक मारली. "आते सांग. सादळाले का बरं?"

"उन्हाळामा बठ्ठी टोप्या निंघेत, साहेब. पावसाळामा एक बी नही. मन्ही माय पापडना पीठवर वला फडका घाली ठेवस. पीठ कोल्लं झायं का पापड फाटस. मी म्हनं, हाई बी पीठच शे."

"अनि हाऊ कागद? कागदवर तं वाळाडानं लिखेल शे."

"वाळाडस ना, साहेब. सरनी सांगेल बठ्ठं करस. वाळाडीसन मंग रातभर माठखाले ठेवस."

देवरे मोठ्यानं हसले, मग सुकदेवकडे वळून मराठीत म्हणाले, "डॉक्टर इंगळे, ती कृती मीच लिहिली आहे. समुद्राकाठी बसून. मुंबईची हवा मुळातच ओली, तिथे पावडर वाळवली तरी घटकाभरात ती पुन्हा हवेतलं पाणी घेते. तुमच्याकडे एप्रिलात हवेत पाणीच नाही. गोळी सांधून राहावी म्हणून पावडरीत घातलेला डिंक वाळून कडक होतो, मग टोपी उडणारच. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही." आणि आधारकडे बोट करून म्हणाले, "याच्या आलं."

त्यानंतर पाऊण तास दोघं अहिराणीतच बोलत राहिले, पापडावरून विहिरीवर आणि विहिरीवरून कुठल्याशा लग्नावर. पहूरकडची बोली वेगळी. सुकदेवला शब्द कळत होते, पण त्यात शिरायला वाट सापडत नव्हती. खुर्चीवर बसून तो एकाच शब्दाभोवती फिरत राहिला. सादळणे. हा काही धुळ्याचा शब्द नव्हता. त्याची आईसुद्धा पीठ कोरडं पडून पापड फाटू नये म्हणून त्यावर ओलं फडकं घालायची. पण त्याच्या घरी सादळला म्हणजे वाया गेला. पापड सादळला, बिस्किट सादळलं, काडेपेटी सादळली. सादळण्यानं काही सुधारतं हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. या अडाण्याच्या डोक्यात मात्र शिरलं, आणि तेही वर्षापूर्वीच. वर्षभर हा रोज 'गुड मॉर्निंग सर' म्हणत होता आणि माठाखाली बाटली ठेवत होता.

देवरे गेल्यावर आधार म्हणाला, "सर, रागावलात का?"

"रागवायचं काय त्यात. आधी सांगायचं होतंस."

"मला वाटलं, कागदाच्या बाहेरचं केलं म्हणून तुम्ही रागवाल."

सुकदेवनं महिनाभर खपून शोधनिबंध लिहिला. सादळणे या शब्दाला इंग्रजीत त्यानं 'नियंत्रित आर्द्रतेत पावडरीचे संस्करण' असा मोठा भारदस्त पोशाख चढवला. आर्द्रता मोजली, तास मोजले, आलेख काढले. काम चोख होतं. आधारला ते जमलं नसतं, हेही खरं. निबंधावर एकच नाव होतं. शेवटी आभाराच्या ओळीत 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' असं लिहिलं होतं. निबंध छापून आला तेव्हा त्यानं एक प्रत देवरेंना पाठवली. पोच आली, पण अभिप्राय आला नाही.

पत्र आलं ते १९८८च्या जानेवारीत. आधारनंच कॉलेजच्या ऑफिसातून आणून टेबलावर ठेवलं. "मुंबईचं आहे, सर." तो गेल्यावर सुकदेवनं फोडलं. मुंबईला गोळ्यांचा नवा विभाग निघत होता, प्रेसवर एक तंत्रज्ञ हवा होता. अनुभव पाहून शिक्षणाची अट शिथिल करता येईल. श्री. आधार भामरे यांची तयारी असल्यास त्यांचा अर्ज आपल्या शिफारशीसह २९ फेब्रुवारीपर्यंत पाठवावा. सही देवरेंची. नाव बिनचूक लिहिलं होतं, आधार, काना-मात्रेसकट.

सुकदेवनं पत्र दोनदा वाचलं. ज्या दारातून त्याला अकराव्या मिनिटाला बाहेर काढलं, त्या दारातून याला निमंत्रण. मुलाखतसुद्धा नाही. त्यानं पत्र ड्रॉवरमध्ये उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. उद्या सांगू, असं ठरवलं.

उद्या त्याला आठवलं की मार्चमध्ये गोळ्यांची मोठी खेप द्यायची आहे. परवा आठवलं की आधारची आई द्रौपदाबाई कापडण्याला एकटीच असते. मग आठवलं की मुंबईत राहायला जागा मिळत नाही, पोराचे हाल होतील. कारणं चांगली होती, आणि रोज एक नवं सापडत होतं. फेब्रुवारीच्या मध्यात एका रविवारी त्यानं पुष्पाबाईला सांगून टाकलं.

ती भाजी निवडत होती. "मग सांगितलं का त्याला?"

"सांगेन. घाईनं सांगून उगाच त्याच्या मनात काहीतरी भरायचं. झेपलं पाहिजे ना त्याला मुंबई."

"तुम्हाला बोलावलं असतं, तर झेपली असती?"

"मला कशाला बोलावतील आता?"

"तेच म्हणते मी," पुष्पाबाई म्हणाली आणि देठ मोडत राहिली.

२९ तारीख सोमवारी आली आणि गेली. बुधवारी प्राचार्यांच्या खोलीतून बोलावणं आलं, मुंबईचा ट्रंक कॉल आहे म्हणून.

"डॉक्टर इंगळे, आमच्या पत्राचं काय झालं? मुदत गेली."

समोर प्राचार्य कागदांवर सह्या करत होते. सुकदेव म्हणाला, "विचारलं मी त्याला. नको म्हणतो. आई एकटी असते गावाकडे."

"असं म्हणाला?"

"हो."

"बरं. मग दुसरा बघतो."

परत येताना त्याला हलकं वाटलं, एखादं अवघड गणित हातावेगळं झाल्यासारखं. प्रयोगशाळेत आधार रॉकेलच्या फडक्यानं साचा पुसत होता. "सर, मुंबईचा फोन होता म्हणे."

"हो. पावडर पाठवताहेत पुढच्या महिन्यात."

"बरं झालं. डबा तळाला गेलाय," आधार म्हणाला.

एप्रिलमध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात या सणाला माणूस कुठेही असला तरी गाव गाठतोच. आधार चार दिवसांची रजा घेऊन कापडण्याला गेला. डॉ. देवरेही मुंबईहून शिंदखेड्याला आले होते. येता येता वाट वाकडी करून ते कापडण्याला उतरले, आधारच्या आईचे पापड बघायचेत म्हणून.

आधार परतला तो सोमवारी सकाळी. सुकदेवचा तास संपेपर्यंत तो थांबला. मग आत आला आणि दार लोटून घेतलं. याआधी त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"सर, देवरे साहेब आले होते घरी. मायनं खापरावरची पुरणपोळी वाढली त्यांना. जेवताना म्हणाले, आधार, तू नाही का म्हणालास? मी म्हटलं, कशाला नाही म्हणालो? तर त्यांनी सगळं सांगितलं."

सुकदेवनं पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"मी म्हटलं, साहेब, मला कोणी विचारलंच नाही. तर विषय मिटवायला म्हणाले, पत्र टपालात गहाळ झालं असेल. टपाल तर मीच आणलं होतं, सर. अठरा जानेवारीला. रजिस्टरात माझी सही आहे."

"आधार, मला वाटलं की..."

"जागा भरली म्हणे. सोलापूरकडचा कोणी घेतला."

सुकदेवला अपेक्षा होती की आता हा ओरडेल, निदान रडेल. मग त्याला समजावता आलं असतं. आधारनं खिशातून घडी केलेला वर्तमानपत्राचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात प्रेसवर कामगारांची भरती होती. "मला दाखला लिहून द्या. मी काय काम करतो त्याचा. आत्ता द्या."

सुकदेवनं कॉलेजचा छापील कागद घेतला आणि लिहिलं: 'श्री. आधार भामरे यांनी माझ्या मार्गदर्शनाखाली तीन वर्षे सिरॅमिक गोळ्या दाबण्याचे काम केले.' कागद आधारकडे सरकवला. आधारनं ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. बोट एका शब्दावर थांबलं.

"हे मार्गदर्शन कधी केलं, सर?"

"अरे, तशी लिहायची पद्धत असते."

"वरणगावला ते विचारतील, काय शिकवलं सरांनी. मी काय सांगू? टोप्या?"

एरवी आधार कधी थट्टा करत नसे, आणि आताही तो हसत नव्हता. सुकदेवनं तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की श्री. भामरे यांनी १९८५ ते १९८८ या काळात दोन हजार चारशे गोळ्या दाबल्या. उन्हाळ्यात गोळ्या तडकू नयेत म्हणून पावडरीला ओलावा देण्याची रीत त्यांनी स्वतः शोधली. आणि ती मुंबईच्या विभागप्रमुखांनीही योग्य ठरवली. एवढं लिहायला त्याला पाऊण तास लागला. शोधनिबंधाचा अख्खा सारांश त्यानं यापेक्षा कमी वेळात लिहिला होता. सही केली, शिक्का मारला. आधारनं शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि भांडी धुवायला गेला.

ऑगस्टमध्ये त्याला वरणगावची नोकरी लागली. शेवटच्या दिवसापर्यंत तो सकाळी सातला यायचा आणि टोपी न निघणाऱ्या गोळ्या दाबायचा. सुकदेव वाट बघत होता की हा एखाद्या दिवशी मुद्दाम काम बिघडवेल. तसं झालं असतं तर हिशेब बरोबरीचा वाटला असता. आधारनं ती सोय त्याला दिली नाही. जाताना त्यानं साचा तेल लावून फडक्यात गुंडाळला आणि म्हणाला, "येतो सर." मुंबईला सुकदेवनं काही कळवलं नाही. कळवायचं तर का गेला हेही लिहावं लागलं असतं.

नवा शिपाई प्रेसला हात लावायला तयार नव्हता. १९८९च्या उन्हाळ्यात सुकदेवनं सगळ्या गोळ्या स्वतः दाबल्या. पहाटे उठून सातला कॉलेजात. आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं फडकं भिजवायचं, पावडरीची बाटली माठाशी ठेवायची, सकाळी चिमटीत घेऊन बघायचं. किती ओल पुरे, हे आलेखावरून कळत नव्हतं. आठवडाभरात बोटांना कळायला लागलं. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत त्यानं ऐंशी गोळ्या दाबल्या. एकही टोपी निघाली नाही. भाजून निघाल्यावर घनता मोजली तर पाच वर्षांतली सर्वात चांगली होती. त्या रात्री तो पोटभर जेवला, आणि पुष्पाबाईला दोन गोळ्या दाखवायला घरी घेऊन आला. ती म्हणाली, "छान आहेत हो. कुणी केल्या?"

"मी."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

मुंबईच्या फॉर्ममध्ये त्या वर्षी एक नवा रकाना आला होता: 'गोळी दाबणाऱ्याचे नाव.' सुकदेवनं ठळक अक्षरांत लिहिलं, डॉ. सुकदेव झिपरू इंगळे. खेप रजिस्टर्ड पार्सलनं गेली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, देवरेंच्या सहीचं. खेप उत्कृष्ट आहे. विभागात सर्वांना दाखवली. मग दुसरा परिच्छेद: 'या गोळ्या आधारच्या हातच्या आहेत हे पाहताक्षणी कळले. फॉर्ममधील नावाच्या रकान्यात चूक झालेली दिसते. आम्ही आमच्या नोंदीत ती दुरुस्त करून श्री. आधार भामरे असे नाव घातले आहे. त्यांना आमचे अभिनंदन कळवावे. कृपया दुरुस्ती मान्य असल्याचे उलट टपाली कळवावे.'

सुकदेवनं कागद घेतला. आधार गेल्या ऑगस्टपासून येथे नाही, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. त्यानं ते लिहिलं. मग पुढचं वाक्य लिहायला घेतलं, तो का गेला हे, आणि पेन थांबलं. ते लिहायचं तर अठरा जानेवारी लिहावी लागली असती, आणि ट्रंक कॉलवरचा तो 'हो'सुद्धा. आणि ते सगळं न लिहिता नुसतं पहिलं वाक्य पाठवलं, तर ज्या माणसानं एकदा फोनवर खोटं सांगितलं, त्याच्यावर देवरे का विश्वास ठेवणार होते?

स्टाफरूममधून मोतीलाल जैनांचं हसणं ऐकू येत होतं. मग त्यानं तो कागद बाजूला सारला, दुसरा घेतला आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. आपले पत्र मिळाले. दुरुस्ती मान्य आहे.

पाकीट चिकटवून त्यानं नव्या शिपायाला हाक मारली आणि आजच्या टपालात घाल म्हणून सांगितलं.